रविवारचे आमचे पान आम्हाला परत द्या

सीमाभागात आवृत्ती काढणाऱ्या सर्व मराठी दैनिकांचे संपादक आणि व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

आपल्यापैकी एका दैनिकाने रविवारच्या पुरवणीतील स्थानिक लेखकांची सर्व सदरे एका आठवड्यात बंद केली आणि त्या जागी मुख्यालयातून येणारा, सगळ्या आवृत्त्यांत सारखाच छापला जाणारा मनोरंजनाचा मजकूर घेतला. बंद झालेल्या सदरांत माझेही एक सदर होते. त्या दैनिकाचे नाव मी येथे घेत नाही, कारण एका कार्यालयाशी भांडून मोकळे होण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही आणि असाच विचार इतरत्रही चालू असल्याचे कानावर येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी वाचणाऱ्या माणसाच्या रोजच्या जगण्याला छापील जागा असावी की नसावी, हा प्रश्न आपल्या सर्वांपुढे आणि आपल्या वाचकांपुढे उघडपणे मांडावा, म्हणून हे जाहीर पत्र.

मी बेळगावच्या शहापुरात राहतो. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून सदर लिहीत आलो. सिनेमा, मालिका, निवडणुका, बाजारभाव, लग्नसराई, गणपतीतली डॉल्बी, पेन्शनसाठी बँकेत बसलेली माणसे, शेजाऱ्याच्या मुलाचे इंग्रजी शाळेतले मराठी, असे माझे विषय. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि हा मराठी मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि घरातल्या मोठ्या माणसांचे त्या दिवसांतले चेहरे मला अजून आठवतात. पुढे मोर्चात चाललो, सभांना बसलो, सीमाप्रश्नावर जमेल तसे लिहिलेही. तेव्हा रोजच्या जगण्यावर लिहायचे म्हणणारा हा माणूस चळवळीपासून लांब पळतो आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

सदरे बंद करताना आम्हाला जी कारणे सांगण्यात आली, त्यांतले एक मला फार लागले. सीमाभागाच्या पानांवर सीमाप्रश्नाचा मजकूर असावा, बाकीचे विषय मुख्यालय पाहील, असे ते कारण होते. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण याचा अर्थ काय होतो, तो त्याने स्वतःशी नीट उलगडून पाहिला नसावा. १ नोव्हेंबरचा काळा दिन, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि कर्नाटक विधानसभेच्या बेळगावातल्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळचा मराठी माणसांचा महामेळावा, एवढ्या दिवशी आम्ही मराठीभाषक म्हणून मोजले जाणार. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आम्ही मराठीत बोलतो, भांडतो, हसतो, उसने मागतो, आजारी पडतो, मुलींची लग्ने जमवतो, त्याची नोंद कोणी ठेवायची नाही. ज्या भाषेत माणूस फक्त मागण्या लिहितो आणि जगणे लिहीत नाही, त्या भाषेतला त्याचा हक्क हळूहळू कागदावरच उरतो. हा भाग आपल्याला मिळावा म्हणून महाराष्ट्राने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत येथे वाढलेली पिढी मराठीत काय वाचून मोठी झाली, हा प्रश्न न्यायालयापुढे नाही. तो आपल्यापुढे आहे.

मुख्यालयातून येणारा मजकूर वाईट असतो असे मी म्हणत नाही. तो तिथला असतो, एवढेच. आमच्या गल्लीत संध्याकाळी दोन शेजारणी कट्ट्यावर बसतात. एक मराठी, दुसरी कन्नड. दोघींच्या घरी वाहिन्या वेगळ्या लागतात. पण पुष्कळदा कथा एकच असते, कारण एकाच समूहाच्या वाहिन्या एका भाषेत चाललेली मालिका नवे नट-नट्या घेऊन दुसऱ्या भाषेत करतात. कन्नड मालिका काही महिने पुढे गेलेली असली, की मराठी बाई शेंगा सोलता सोलता विचारते, त्या थोरल्या सुनेचे पुढे काय होते. कन्नड बाई अर्धे मराठीत, अर्धे कन्नडात सांगू लागते, "अय्यो, ती त्या घरात राहतच नाही की!" मग एकीची खलनायिका दुसरीच्या खलनायिकेपेक्षा जास्त दुष्ट की कमी, यावर चर्चा होते, नवऱ्याने आईची बाजू घ्यावी की बायकोची, यावर दोघींचे एकमत होते, आणि रात्री मराठी बाई टीव्हीपुढे बसते ती पुढे काय होणार हे पाहायला बसत नाही, ते तर तिला ठाऊक असते, आपल्याकडच्यांनी ते कसे केले हे तिला पाहायचे असते. यावर मी एक लेख लिहिला होता. तो छापून आला आणि अनगोळ, वडगाव, येळ्ळूर येथल्या बायकांचे निरोप आले, की आमच्या दारातही हेच चालते.

हा लेख मुंबईत बसून कोणाला लिहिता येईल? तेथे त्या मालिकेचे परीक्षण येते, नटीची मुलाखत येते, कोणाचे कोणाशी जमले आणि कोणाचे मोडले ते येते. सीमेवरच्या कट्ट्यावर दोन भाषांमधून एक कथा कशी ये-जा करते, हे तेथून दिसणार नाही, कारण त्यासाठी त्या कट्ट्यावर बसावे लागते. आणि मला वाटते, आमच्या भागातल्या मराठी आणि कन्नड माणसांचे खरे नाते ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याला सभांच्या वृत्तांतापेक्षा त्या कट्ट्यावर अधिक सापडेल. रस्त्यावर दगड पडतो तेव्हा बातमी होते. दोन शेजारणींपैकी एकीच्या मुलीच्या डोहाळजेवणात दुसरी राबते, याची बातमी होत नाही. ती सदरात येत होती.

लोकप्रिय करमणुकीवर लिहिणे हा हलका विषय आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटते. निदान बेळगाव जिल्ह्यात बसून तरी तसे कोणी म्हणू नये. मराठी संगीत रंगभूमीचे जनक मानले जाणारे अण्णासाहेब किर्लोस्कर ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूरला जन्मले. ते गाव आज याच जिल्ह्याच्या सौंदत्ती तालुक्यात आहे. त्यांनी बेळगावात शिक्षकी केली, येथे नाटकमंडळी उभी करण्याची खटपट केली आणि १८८० साली पुण्यात त्यांचे संगीत नाटक रंगभूमीवर आले तेव्हा उभा महाराष्ट्र ती पदे गुणगुणू लागला. पुढे ज्यांनी मराठी नाटकाला मोठे केले ते गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले. त्या काळी संगीत नाटक हीच लोकांची करमणूक होती, आणि त्या वेळच्या वडीलधाऱ्यांनी त्याला नावेही ठेवली. कन्नड आणि मराठी एकमेकींच्या कानावर सतत पडत असलेल्या या मुलखातून मराठीला तिचा लोकप्रिय कलाप्रकार मिळाला. आणि आज या मुलखातल्या माणसाने लोकप्रिय कलेवर लिहायचे नाही, ते काम मुख्यालयाचे, असे ठरते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ग्लोब, रेक्स, चित्रा, निर्मल, प्रकाश ही नावे घेतली की माझ्या वयाच्या कोणत्याही बेळगावकराला आपण कोणता सिनेमा कोणाबरोबर, कोणत्या रांगेत बसून पाहिला ते आठवते. आता सिनेमा पाहण्याची रीत बदलली, नातवंडे फोनवरच पाहतात, आणि त्याची तक्रार करण्यात मला रस नाही. पण मराठी चित्रपट येथे लागतो की नाही, लागला तर कोणत्या अडनिड्या वेळेला लागतो, किती दिवस टिकतो, आणि खानापूरच्या खेड्यातल्या माणसाला तो पाहून रात्रीची शेवटची एसटी मिळते की नाही, हे कोणत्याही चित्रपट परीक्षणात येत नाही. आमच्या वाचकाला सिनेमाबद्दलची ही माहितीही तितकीच लागते.

राजकारणाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण येथे आपला सर्वांचाच हात आखडतो. हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ साली दोन आमदार निवडून आले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही आला नाही. बेळगावच्या ज्या महापालिकेत मराठी गटाने अनेक वर्षे सत्ता केली, तिच्या २०२१ च्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाने आपल्या चिन्हावर जिंकल्या, आणि त्यात मराठी मतदारांची मते नव्हती असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. हे का झाले? समितीतली भांडणे हे एक कारण आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. पण मराठी घरातला पंचवीस वर्षांचा मुलगा १ नोव्हेंबरला काळी फीत बांधतो आणि मतदानाच्या दिवशी दुसऱ्याच चिन्हाचे बटण दाबतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालते, हे अग्रलेखात लिहिता येत नाही. अग्रलेखाला बाजू घ्यावी लागते, बातमीला आकडे द्यावे लागतात. सदर लिहिणारा म्हातारा मात्र त्या मुलाच्या बापाशेजारी चहा पीत बसलेला असतो. बापाने १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावर झालेला गोळीबार पाहिलेला असतो आणि मुलाला बेंगळुरूच्या कंपनीत नोकरी हवी असते. दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी कोणाला गद्दार न म्हणता दोघांचे म्हणणे नोंदवून ठेवणे, हे काम कोणीतरी करायला हवे, आणि ज्याला आता उमेदवारी नको, कंत्राट नको, बढती नको, तो ते जास्त नीट करू शकतो. आमच्या वयाचा काही उपयोग असेल तर तो हा आहे.

कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीचे, सुवर्ण विधानसौधाचे, उद्घाटन २०१२ साली झाले. तेथे अधिवेशन भरते तेव्हा शहरातले रस्ते आधी डांबरी होतात, लॉज भरतात, वाहने वळवली जातात, आणि त्या दिवसांत घरात लग्नकार्य असलेल्या माणसाची दमछाक होते. महामेळाव्याला परवानगी मिळाली की नाकारली, ही बातमी आपण ठळक छापता, छापलीच पाहिजे. पण लग्नाचे वऱ्हाड घेऊन आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला नाक्यावर कोणत्या भाषेत काय सांगितले गेले आणि नवऱ्यामुलाच्या मामाने ते कसे निभावून नेले, हेही त्याच शहरातले, त्याच दिवसातले राजकारण आहे. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड असावे असा कर्नाटकाचा कायदा २०२४ साली आला. खडेबाजारातल्या मराठी दुकानदाराने पाटी नव्याने रंगवून घेताना आजोबांच्या नावाची मराठी अक्षरे किती लहान करून घेतली आणि तरीही ती पुसू दिली नाहीत, हे मी त्याच्या दुकानात बसून ऐकले. रंगाऱ्याने पट्टीने मोजून दाखवले होते, कोणती ओळ किती इंच. त्यावरचा लेख लिहून तयार आहे. तो छापायला आता पान नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली, आम्हाला कोणी कळवले नाही. रविवारी सकाळी अंक उघडला तेव्हा आमच्या जागी कोणा नटीच्या आहाराचे वेळापत्रक होते. आमच्यातल्या एका भगिनी खानापूर तालुक्यातून हाताने लिहून लेख पाठवत. त्यांना वाटले की आपला लेख टपालात हरवला, म्हणून त्यांनी तो पुन्हा उतरवून पाठवला. इतकी वर्षे नियमाने लिहिणाऱ्या माणसाला चार ओळींचे पत्र किंवा एक फोन, एवढेही देणे होत नाही का?

दुसरी, तरुण वाचकाला म्हाताऱ्यांचे चिंतन नको असते, असे आम्हाला सांगितले गेले. हे कशावरून ठरले, हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. मला दिसते ते वेगळे आहे. पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मुलाला येथली आई रविवारी सकाळी पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवते. फोटोत तिचा अंगठा आलेला असतो, एक कोपरा कापलेला असतो, तरी मुलगा तो मोठा करून वाचतो आणि मला कळवतो, की सर, गणपत गल्लीतली ती गर्दी वाचून घरी आल्यासारखे वाटले. गाव सोडून गेलेल्या मुलांना गावची बातमी कोठेही मिळते, गावचा सूर मिळत नाही. तो सूर छापणे आपल्याच हातात होते. शिवाय तरुण वाचक हवा असेल तर तरुण लेखकही हवा, आणि त्याला लिहिते करण्यासाठी स्थानिक पानच लागते, ते मी पुढे लिहितो.

तिसरी, बोलीची. आमच्या लेखातला भाजीवाला, रिक्षावाला, शेजारीण ज्या मराठीत बोलत, ती संपादनात बदलून पुण्याची होत असे. सदरे बंद होण्याच्या आधीपासूनचे हे दुखणे आहे. प्रकाश नारायण संत यांनी याच मुलखातल्या कन्नडमिश्रित बोलीत एका मुलाचे जग उभे केले आणि सगळ्या मराठी वाचकांनी ते डोक्यावर घेतले. तेव्हा वाचकाला ही बोली समजत नाही, ही सबब चालणार नाही.

चौथी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० अशा तीन वेळा भरले. १९४६ च्या संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. हा अभिमान आपण दरवर्षी छापता. पण त्याहून मोठी गोष्ट आमच्या खेड्यांत घडते. सुगी संपली की कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, कारदगा अशा गावांत साहित्य संमेलने भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका आणि टाळ वाजवणारे वारकरी पुढे, शाळेची मुले मागे. मांडवात गावजेवण होते आणि दुपारी कथाकथनाला इतकी माणसे बसतात, की शहरातल्या सभागृहांना हेवा वाटावा. लोकवर्गणीतून, शेतकऱ्यांच्या पोरांनी हे चालवले आहे. अशी संमेलने भरवणारा दुसरा सीमाभाग मला ठाऊक नाही. आपण या संमेलनांची बातमी देता, अध्यक्षांचे सीमाप्रश्नावरचे वाक्य मथळ्यात घेता, पाहुण्यांचा फोटो छापता. त्या मांडवात कवितावाचनाला उभ्या राहिलेल्या मुलीने वर्षाच्या बाकीच्या रविवारी कोठे लिहायचे? पुण्या-मुंबईच्या मासिकांत तिची ओळख नाही. ती उसाच्या बिलाबद्दल, गावातल्या मराठी शाळेत कमी होत चाललेल्या मुलांबद्दल, बेंगळुरूला गेलेल्या भावाच्या फोनबद्दल लिहिते, ते तेथल्या संपादकाला दूरचे वाटते. तिचे पहिले छापील नाव आपल्या रविवारच्या पानावर येत होते. आता येणार नाही. मी माझ्या सदरासाठी जेवढा अस्वस्थ आहे, त्याहून अधिक तिच्यासाठी आहे, कारण माझे लिहून झाले आहे, तिचे सुरू व्हायचे आहे. सोय नाही म्हणून ती लिहायची थांबली, तर पुढे या संमेलनांच्या मांडवात आमच्या भागातला वक्ता कोठून आणणार?

कागद महागला आहे, जाहिराती कमी झाल्या आहेत, हे मला कळते. वर्तमानपत्र हा धंदाही आहे आणि तो चालला तरच आमचे लिखाण छापून येणार, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. म्हणून आमच्या मागण्या मी खर्चाचा विचार करूनच मांडतो.

रविवारच्या पुरवणीतले निदान अर्धे पान सीमाभागातल्या लेखकांसाठी पुन्हा द्यावे, आणि ते जाहिरात आली म्हणून परस्पर उडवू नये. त्या पानावर सीमाप्रश्नाला मज्जाव नसावा आणि सक्तीही नसावी. लेखकाने सिनेमावर लिहावे, पाणीटंचाईवर लिहावे, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीवर लिहावे, हवे तर आपल्या म्हशीवर लिहावे. बोली आहे तशी छापावी. शुद्धलेखन जरूर सुधारावे, माणसांचे बोलणे बदलू नये. दर महिन्याला त्या पानावरच्या किमान एका लेखाचा लेखक तिशीच्या आतला असावा आणि त्याला थोडे का होईना, मानधन मिळावे. माझ्यासारख्या पेन्शनीत निघालेल्यांचे मानधन आपण बंद केले तरी आम्ही हरकत घेणार नाही, ते त्या मुलांना द्यावे.

आणखी एक मागणी आपल्या दप्तराबद्दल आहे. जुन्या रविवार पुरवण्यांचे गठ्ठे धूळ खात पडले आहेत. त्यांत सीमाभागातल्या मराठी घरांचा, बाजारांचा, सणांचा, नाटक-सिनेमांचा असा वृत्तांत आहे, जो दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नाही. ते गठ्ठे रद्दीत घालण्याआधी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाला विचारावे. १८४८ पासून चालत आलेली ती संस्था आहे, आणि कागद जपण्याची सवय तिला आपल्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. पानांची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम करायला आमचे जुने विद्यार्थी तयार आहेत, आपण फक्त खोलीची किल्ली द्यावी.

पुढे कधी कोणाचे सदर बंद करायचे झाले, तर त्या लेखकाला एक महिना आधी लेखी कळवावे आणि वाचकांचा निरोप घेण्यासाठी शेवटचा लेख छापावा. नियमित लिहिणाऱ्याशी वाचकाचे नाते जुळलेले असते. ते तोडण्याचा अधिकार आपल्याला असेलही, पण वाचकाला न सांगता तोडण्याचा नाही.

या पत्राच्या प्रती मी बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील मराठी दैनिकांच्या कार्यालयांत स्वतः नेऊन देणार आहे. दिवाळीपूर्वी आपण एकत्र बसावे. जागा आपण ठरवावी, वेळ आपण ठरवावी. पुरवणीत लिहिणारे आम्ही सगळे येऊ, येताना त्या कवितावाचन करणाऱ्या मुलींपैकी दोघी-तिघींनाही आणू, म्हणजे आपण कोणाचे पान बंद केले ते आपल्याला समोर पाहता येईल. आपला निर्णय काय होतो तो कृपया छापूनच कळवावा, फोनवरून नको, कारण प्रश्न वाचकांचाही आहे. दुकानाच्या पाटीवरचा लेख मी टंकलिखित करून पाकिटात घालून ठेवला आहे. ज्या दिवशी पान सुरू होईल त्या दिवशी तो पहिल्या अंकासाठी आपल्याकडे पोहोचेल.

आपला,
रविवार पुरवणीतील एक सदरलेखक
शहापूर, बेळगाव